अभ्यंग : सणाचा आणि रोजचा

नरकचतुर्दशीच्या पहाटे, सूर्योदयापूर्वी, तेल-उटणे लावून स्नान करण्याचा प्रघात आपल्या घरोघरी आहे. गोमंतकात त्या पहाटे पायाखाली कारीटही चिरडतात. अभ्यंग हा दिवाळीचाच एक विधी, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. वस्तुतः प्राचीन वैद्यकात तो नित्यकर्मांत गणलेला आहे.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. अभ्यंग नित्य करावा, आणि मस्तक, कान व पाऊले या तीन स्थानी तो विशेषेकरून करावा, असे तेथे सांगितले आहे. त्याने श्रम व वात दूर होतात, झोप चांगली लागते. कफ वाढला असता किंवा अजीर्ण झाले असता मात्र तो वर्ज्य. पुढे क्रमाने व्यायाम, उद्वर्तन म्हणजे उटणे आणि मग स्नान. ऊन पाणी मानेखाली घेतल्यास बल येते. तेच डोक्यावर घेतल्यास केसांना व डोळ्यांना अपाय होतो, असेही ग्रंथकार बजावतो. आपण मात्र बंबातले कढत पाणी खुशाल डोक्यावर ओततो!

तेलानंतर उटणे, या क्रमात व्यवहारही आहे. डाळीचे पीठ अंगावरचे जादा तेल शोषून घेते. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारे द्रव्य असते. त्याने तेल व मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. साबण घरोघरी पोहोचण्यापूर्वी शतकानुशतके हे काम याच वस्तूंनी केले. कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या, सुमारे 1129 मधील ‘मानसोल्लासा’त तर राजाच्या उपभोगांत स्नानाला वेगळे प्रकरणच दिले आहे.

सामान्यांच्या घरी हा नित्याचा अभ्यंग कोठे उरला? तान्ह्या बाळाच्या न्हाणीत. पाटावर पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन आजी तेल जिरवते. मग डाळीचे पीठ, दूध-हळद आणि शेवटी कोमट पाणी. कानात तेल घालण्यास आजचे डॉक्टर मनाई करतात. ते अवश्य मानावे. परंतु आजीचा हात पाहा : आधी टाळू, मग कानामागची जागा, आणि सर्वांत अधिक वेळ तळपायांवर. वाग्भटाचे नावही तिने ऐकलेले नसते.