वीजवाहिनीजवळील धातूच्या वस्तू

दौंड जंक्शनवर लोहमार्गावरील तारेत २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती विद्युद्दाब असतो. शिरूर तालुक्यातील शेतांवरूनही उच्च दाबाच्या वाहिन्या जातात. हा दाब सेकंदास ५० आवर्तने पुरी करतो. म्हणून वाहिनीस समांतर, कोरड्या लाकडी खांबांवर ताणलेले तारेचे कुंपण तिला स्पर्श न होताही भारित होते. केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे दुरूनच ओढते, हे वर्गात दाखवावे. शाळेचे कुंपण व पत्र्याचे छप्पर परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून अर्थिंग करून घ्यावे. तथापि झटका प्रेरित दाबाचा की तुटलेल्या तारेचा, हे हाताने ठरवू नये. टेस्टरचा दिवा दोहोंनीही उजळतो. मुलांस दूर सारून महावितरणला १९१२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.