वृक्कधमनी-संकोच : शल्यचिकित्सेतील पर्यायी रक्तमार्ग

तरुण रुग्णाचा रक्तदाब तीन औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर दोष केवळ पथ्याचा मानून थांबणे योग्य नव्हे. वृक्काकडे जाणारी धमनीच अरुंद झाली आहे काय, हा विचार वैद्याच्या मनात आला पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही या विकारातील शल्य-पर्याय व आपले कर्तव्य यांचा संक्षेपाने परामर्श घेत आहोत.

संप्राप्ती : वृक्कधमनी आवळल्यास रक्तदाब चढतो, हे गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. रक्त कमी पोहोचल्याने वृक्कातून रेनिन स्रवते. परिणामी अँजिओटेन्सिन वाढून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व शरीरात क्षार-जल साठते. उतारवयात धमनीकाठिन्य हे प्रमुख कारण होय. भारतातील तरुणांत, विशेषतः स्त्रियांत, ताकायासु धमनीशोथ आढळतो.

शल्य-पर्याय : (१) महाधमनी-वृक्क बायपास : पायातील सॅफेनस शीर किंवा कृत्रिम नलिका जोडून अवरोधापलीकडे रक्त पोहोचवितात. बालकांत ही शीर पुढे फुगण्याचा धोका असल्याने श्रोणीतील धमनी श्रेयस्कर मानतात.
(२) महाधमनीच रोगग्रस्त असल्यास उजव्या वृक्कासाठी यकृताच्या धमनीतून, तर डाव्यासाठी प्लीहेच्या धमनीतून रक्त आणतात. मात्र या दोन्ही धमन्यांचे मूळ निर्दोष असल्याची खात्री आधी करावी लागते.
(३) श्रोणिधमनीतून वृक्कापर्यंत बायपास.
(४) स्व-प्रत्यारोपण : वृक्क बाहेर काढून, थंड ठेवून, धमनी दुरुस्त करून श्रोणिभागात बसवितात.

धमनीकाठिन्यात मात्र घाई नको. अ‍ॅस्ट्राल (२००९) व कोरल (२०१४) या चाचण्यांत औषधांच्या जोडीला स्टेंट बसवून एकंदरीत अधिक लाभ दिसला नाही. फुगा वा स्टेंट अशक्य किंवा निष्फळ ठरल्यास निवडक रुग्णांतच बायपासचा विचार होतो. ताकायासु विकारात शोथ शमल्यावरच शस्त्रक्रिया करणे हितावह.

आपले कर्तव्य : परंपरेने पुरुषाची उजवी व स्त्रीची डावी नाडी पाहिली जाते. ताकायासु विकारात डाव्या हाताची धमनी वारंवार ग्रस्त होते; त्या हाताचा रक्तदाब फसवा कमी भरतो. म्हणून दोन्ही नाड्या पाहाव्यात, दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून मर्मरध्वनी ऐकावा. शंका आल्यास क्रिएटिनिन व डॉपलर तपासणीसह तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी अशा रुग्णास डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके परस्पर देऊ नयेत. दोन्ही बाजूंच्या संकोचात एनालाप्रिल वर्गातील औषधांनी वृक्ककार्य ढासळू शकते. तेव्हा ती चिठ्ठीविना पुन्हा देऊ नयेत. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, याचे वैद्यांनीही भान ठेवावे. बायपासनंतर चालू असलेली अ‍ॅस्पिरिन शल्यतज्ज्ञास विचारल्याविना बंद करू नये.

अरुंद झालेली धमनी काढ्याने रुंद होत नाही. हे वेळीच ओळखून रुग्णास योग्य हाती सोपविणे, हाही चिकित्सेचाच भाग होय.