फोल्डरचा प्रश्न

औषधांच्या दुकानांसाठी बिलिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायला लागलो, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. सुरुवातीला सगळं लक्ष प्रोग्रामवर असायचं. सेटअप म्हणजे शेवटच्या संध्याकाळी उरकायचं काम. इनो सेटअप हे साधन फुकट मिळतं, १९९७पासून लोक ते वापरताहेत, आणि त्यात दोन तासांत सेटअप तयार होतो. मीही तसाच केला. त्यात सात खिडक्या होत्या: भाषा, परवाना, फोल्डर, डेटाबेस, पोर्ट नंबर, कुठले भाग हवेत, डेस्कटॉपवर आयकॉन हवा का. मला सातही उत्तरं ठाऊक होती, त्यामुळे प्रश्न विचारण्यात काही चुकतंय हे मनातही आलं नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका काकांना सेटअप पेन ड्राइव्हवर पाठवला आणि फोनवर सांगितलं, "काका, नेक्स्ट नेक्स्ट करत जा." चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, प्रोग्राम उघडतच नाही. काल रात्रीपर्यंत चालू होता." मिळेल ती एसटी पकडून गेलो. डेस्कटॉपवरचा आयकॉन पांढरा पडला होता. राइट क्लिक करून पत्ता बघितला, तर ई ड्राइव्ह. 'कुठे बसवायचं?' या खिडकीत काकांनी ब्राउज दाबून पेन ड्राइव्ह निवडला होता. सेटअप पेन ड्राइव्हमधून आला, म्हणजे प्रोग्रामही तिथंच ठेवायचा, असा त्यांचा सरळ हिशोब. डेटा मी प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवत होतो. आणि तो पेन ड्राइव्ह पुतण्याने आदल्या रात्री लग्नाचे फोटो भरायला नेऊन फॉरमॅट केला होता.

तीन दिवसांची बिलं गेली. काका, त्यांची मुलगी आणि मी रात्री उशिरापर्यंत कपाटातल्या स्ट्रिप मोजत बसलो. होलसेलरच्या पावत्यांशी साठा ताडून काय विकलं गेलं ते कळलं, पण कुणाला विकलं ते कळेना. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांना तर रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं, ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. मुलीने ओळखीच्या घरी फोन करकरून नावं गोळा केली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं, असा प्रश्न मी त्यांना विचारला होता. चूक माझी होती.

परत आलो आणि सगळ्या खिडक्या काढून टाकल्या. एकच बटण, 'बसवा'. ही दुसरी चूक, आणि ती कळायला वर्ष गेलं. एका कॉमर्स कॉलेजला मुलांना हिशेब शिकवायला माझं सॉफ्टवेअर हवं होतं. चाळीस संगणकांची लॅब. तिथे संगणक पुन्हा सुरू केला की सी ड्राइव्ह आपोआप मूळ स्थितीत येई, म्हणजे सीवर बसवलेलं सगळं पुसलं जाणार. लॅब सांभाळणाऱ्या सरांना डी ड्राइव्ह निवडायचा होता आणि निवडायची जागाच मी ठेवली नव्हती. वर चाळीस ठिकाणी जाऊन चाळीसदा बटण दाबायचं. "एकदा कमांड देऊन सगळीकडे बसेल असं का नाही केलंत?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकांना जो प्रश्न विचारायलाच नको होता, तोच सरांना विचारायला हवा होता. सेटअप बनवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. पहिल्या खिडकीत दोनच वाटा ठेवा: 'लगेच बसवा' आणि 'मी निवडतो'. पहिली वाट ठळक हवी, आणि त्या वाटेवरचं प्रत्येक उत्तर तुम्ही विचारपूर्वक आधीच दिलेलं हवं. दुसऱ्या वाटेवर मात्र सगळं उघडं ठेवा, पण पेन ड्राइव्ह निवडला तर तिथेच अडवा. चाळीस संगणकवाल्यांसाठी इनो सेटअपमध्ये 'व्हेरीसायलेंट' नावाचा पर्याय तयार असतो. त्याला फोल्डर सांगता येतो, काय झालं त्याची लॉग फाइलही मिळते. फक्त मधेच प्रश्नाची खिडकी उघडून सेटअप अडकणार नाही, हे स्वतः चालवून बघा. आणि डेटा प्रोग्रामच्या फोल्डरात कधीच ठेवू नका. अनइन्स्टॉल केलं तरी डेटा जागेवर राहिला पाहिजे. तो पुसायचा का हे वेगळं विचारा, आणि आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असू द्या.

कचेरीतला कारकून हा आणखी वेगळा माणूस. त्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसतो. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला तो लागतोच, पण त्याच्या एकट्याच्या खात्यात बसवायला लागत नाही. २०१९मध्ये आलेल्या इनो सेटअप ६मध्ये 'सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी' हे विचारायची सोय आहे. ती वापरा.

एक गोष्ट मला कॉलेजमधल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने दाखवली. माझ्या सेटअपची बटणं मी हौसेने चित्रं म्हणून रंगवली होती. त्याने टॅब दाबत नेला आणि स्क्रीन रीडर गप्पच राहिला. मग त्याने एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरचा सेटअप लावून दाखवला. फाइल उघडताच तो बोलायला लागतो. संगणकावर बसवायचं, पेन ड्राइव्हसाठी प्रत करायची, की न बसवता तसंच वापरायचं, हे तिथे निवडता येतं. न बघणारा माणूस तो सेटअप एकटा पुरा करतो. मी त्याच आठवड्यात साधी विंडोजची बटणं परत लावली.

नवा सेटअप घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. ठरवलं होतं की मागे उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही. फाइल उघडताच विंडोजची पिवळ्या पट्टीची खिडकी आली, 'अज्ञात प्रकाशक'. काकांनी चष्मा वर करून ती वाचली, माझ्याकडे बघितलं, मी गप्प. त्यांनी 'नाही' दाबलं. त्यांनी अगदी बरोबर केलं होतं. परत येऊन सही करायचं प्रमाणपत्र विकत घेतलं. पुढच्या खेपेला पट्टी निळी होती आणि प्रकाशकाच्या जागी आमचं नाव होतं. काकांनी ते नाव बोट ठेवून वाचलं आणि 'हो' दाबलं.