बंदी पलायनास साहाय्य : कायद्यातील तरतुदी

चाकण येथील अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील एक न्यायबंदी २ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळून गेला. त्याच महिन्यात तो पुन्हा पकडला गेला; परंतु त्यास साहाय्य केल्याच्या आरोपावरून इतरांनाही अटक झाली. त्या वेळी भारतीय दंड संहिता लागू होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली असून तिच्यातही या तरतुदी कायम आहेत.

कायदेशीर कोठडीतून दुसऱ्यास सोडविणाऱ्यास कलम २६३ अन्वये २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बंद्यावरील आरोप जन्मठेपेस वा १० वर्षांच्या कैदेस पात्र असल्यास ही मर्यादा ३ वर्षे, तर मृत्युदंडास पात्र असल्यास ७ वर्षे होते व दंडही होतो. साहाय्यकाची शिक्षा अशा रीतीने बंद्याच्या गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार वाढते.

पहाऱ्यावरील लोकसेवकाने बंद्यास हेतुपुरस्सर जाऊ दिल्यास कलमे २५९ व २६० लागू होतात. केवळ हयगय झाली तरी कलम २६१ अन्वये २ वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

पळालेल्यास आश्रय देण्याचा गुन्हा कलम २५३ मध्ये आहे. पती वा पत्नीस त्यातून वगळले आहे. पलायनाची माहिती असताना, अटक टाळण्याच्या हेतूने आश्रय दिला, तरच हा गुन्हा घडतो. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात परगावच्या कामगारांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांस हा भेद पंचायत सदस्यांनी समजावून द्यावा. अजाणतेपणी खोली देणारा दोषी नव्हे. कळूनही लपविणारा दोषी होय.