रसायनशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका

मध्य प्रदेशातलं देडतलाई असो की सीमेपलीकडचं महाराष्ट्रातलं धारणी, बारावी सायन्सच्या घरात चर्चा एकच: नीट की जेईई? तिसरं काही सुचवलं की वडील विचारतात, “यात नोकरी कुठाय?” प्रश्न रास्त आहे. पण आधी हे तिसरं, म्हणजे रसायनशास्त्रातलं संशोधन, काय असतं ते बघू.

१९९९ साली टोकियोत ताकुझो आइदा यांच्या गटाने सिलिकामधल्या काही नॅनोमीटर रुंद सरळ नळ्यांत उत्प्रेरक बसवला आणि इथिलीन सोडलं. पॉलिथिनच्या साखळ्या आतच वाढल्या आणि सोऱ्यातून शेव पडावी तशा बाहेर आल्या. दुमडायला जागाच नव्हती, म्हणून सरळ राहिल्या.

नळी आणखी अरुंद केली की गंमत सुरू होते. रेणूंना एकमेकांना ओलांडता येत नाही. मोकळ्या जागेत शंभरपट वेळ दिला तर रेणू सरासरी दहापट दूर जातो. अशा रांगेत जेमतेम तिप्पट. तयार साखळी तोंडाशी अडली की आतला उत्प्रेरक रिकामा बसून राहतो. हे डोळ्यांनी बघणं जवळपास अशक्य, म्हणून संगणक लागतो. नळीचे बारीक खण पाडायचे, कुठला रेणू कधी हलेल, कुठे जोडला जाईल हे संभाव्यतेने ठरवायचं आणि तोच खेळ लाखो वेळा चालवायचा. याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेने नळीत वाढणाऱ्या पॉलिमरचा अभ्यास अशाच रीतीने केला. सुरुवातीला साधा लॅपटॉप आणि पायथन पुरतं. संभाव्यता आणि कलनशास्त्र मात्र पक्कं हवं. म्हणूनच अकरावीत गणित सोडणाऱ्या मुलांचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे पॉलिमर संशोधनाचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर याच विषयात नावाजले आणि पुढे या संस्थेचे संचालक झाले.

देडतलाईच्या मराठी घरांची खरी अडचण वेगळीच आहे. घरात मराठी, पण रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा! महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात त्यामुळे सहसा शिरकाव नाही. आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थांना मात्र तुम्ही कुठल्या राज्याचे याच्याशी देणंघेणं नसतं. भोपाळचं आणि पुण्याचं आयसर दोन्ही खुली आहेत. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या चाचणीतून. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही (आयसीटी) जेईई मेनमधून भरायच्या अखिल भारतीय जागा असतात.

बारावीला ते जमलं नाही तर बुऱ्हाणपूर किंवा खंडव्यातून बी.एस्सी. करा आणि जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जा. मला हाच रस्ता जास्त पटतो: खर्च कमी, आणि मन बदलायला तीन वर्षं हाताशी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी.चा भार वडिलांवर पडत नाही.

आता नोकरी. तेलशुद्धीकरण, उत्प्रेरक, रंग, औषधं या कंपन्यांच्या संशोधन विभागांत अशी माणसं लागतात. इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र फरिदाबादला आहे. सरकारी प्रयोगशाळांत कायम जागा थोड्या, आणि तिथवर पोचेतो तिशी जवळ येते. घरात लगेच पगार हवा असेल तर या वाटेला जाऊ नका, सरळ केमिकल इंजिनिअरिंग घ्या. थांबण्याची तयारी असेल तर जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरच्या सुमारास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच ती देता येते.