कर्करोगाचे निदान : बीजदोष आणि परिसर

नांदेड-लातूर परिसरातील रुग्ण वैद्याला हमखास विचारतो, “आमच्या घराण्यातच हा रोग आहे का?” या प्रश्नाचे उत्तर देताना आनुवंशिक व परिसरजन्य या दोन्ही हेतूंचा विवेक करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच संक्षेपाने विचार केला आहे.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची व गलगंड यांच्यासमवेत अर्बुदाचे वर्णन केले आहे. सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात शुक्रशोणितदोषाने होणारे आदिबलप्रवृत्त व्याधी स्वतंत्र सांगितले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज व बीजभाग यांच्या दुष्टीचा विचार येतो. अर्बुद म्हणजे सर्वस्वी कर्करोग किंवा बीजभाग म्हणजे जनुक असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. तथापि काही व्याधी बीजातून येतात व काही मिथ्या आहारविहारातून उद्भवतात, हा भेद आपल्या आचार्यांस ज्ञात होता.

जनुकीय हेतू

कर्करोग हा पेशीतील जनुकांच्या बिघाडाचा रोग आहे. पण जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे. बहुतांश बिघाड जन्मानंतर एखाद्या अवयवाच्या पेशीत घडतात व अपत्याकडे जात नाहीत. जन्मतः मिळालेल्या दोषामुळे होणारे कर्करोग सुमारे ५ ते १० टक्केच असतात. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी बालकांच्या नेत्रपटलाच्या कर्करोगावरून ‘दोन आघातां’चा सिद्धांत मांडला. जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल, तर दुसरी बिघडताच रोग सुरू होतो. म्हणून आनुवंशिक प्रकार अल्पवयात व अनेकदा दोन्ही डोळ्यांत दिसतो. स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित ‘बीआरसीए’ जनुकांतील दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र दोष आला म्हणजे रोग होणारच, असे नाही.

परिसरजन्य हेतू

आपल्या भागात तंबाखू, गुटखा, सुपारी व मिश्री हे प्रमुख हेतू होत. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये पेशीच्या जनुकद्रव्यास चिकटून त्यात बिघाड करतात. तंबाखूविरहित सुपारीही निर्दोष नाही. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठरते व तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून मनाई आहे. तरीही घरी भाजलेली मिश्री अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी वापरतात.

आजोबा, वडील व मुलगा तिघेही तंबाखू खात असतील, तर घराण्यात दिसणारा रोग बीजातून नव्हे, सवयीतून आलेला असू शकतो. ही सवय सुटू शकते, हे रुग्णास सांगणे आपले कर्तव्य आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग

येथे मुख्य हेतू एचपीव्ही हा विषाणू आहे. बहुतेक स्त्रियांत तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. टिकून राहिल्यास पेशींची वाढ रोखणारी प्रथिने निकामी करतो व बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. लातूरलगतच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयोगटाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, केवळ एकदा एचपीव्ही तपासणी उपलब्ध करून दिलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

वैद्य व औषधालयांसाठी

१. इतिहास घेताना दोन प्रश्न स्वतंत्र विचारावेत : रक्ताच्या नात्यात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला? आणि घरात कोण, किती वर्षे, काय खातो?

२. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंडात तीन बोटे न जाणे, यांवर केवळ खदिरादी वटी वा इरिमेदादी तैल देत महिने घालवू नयेत.

३. रजोनिवृत्तीनंतरचा वा संबंधानंतरचा रक्तस्राव असताना तपासणीविना पुष्यानुग चूर्ण वा अशोकारिष्ट चालू ठेवू नये.

४. एकच रुग्ण मुखव्रणासाठी पुनःपुन्हा औषध नेत असेल, तर औषधालय चालकाने त्यास तोंड तपासून घेण्यास सांगावे.

५. स्तनात वा मानेत नवी गाठ आढळल्यास लेप देत न बसता तुकडा तपासणीसाठी त्वरित पाठवावे.

बीज आपल्या हाती नाही. निदानपरिवर्जन मात्र आहे. कर्करोग लवकर ओळखून वेळेत योग्य ठिकाणी पाठविलेला रुग्ण वाचण्याची शक्यता अधिक असते आणि खेड्यातील असा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याकडेच येतो, याचे भान प्रत्येक व्यावसायिकाने ठेवावे.