शिरःस्पर्श चिकित्सा : रुग्णाने काय अपेक्षावे, वैद्याने काय सांगावे

तिसगाव येथील आमच्या चिकित्सालयात मध्यंतरी पुण्यास नोकरी करणारा एक तरुण आपल्या आईस घेऊन आला. मातेस अनेक वर्षांचा शिरःशूल व अनिद्रा. मुलाने पुण्यात ‘क्रेनिओसेक्रल थेरपी’ घेतली होती व त्यास स्वतःला बरे वाटले होते. हा उपचार आपल्याकडे होतो काय, असा त्याचा प्रश्न होता. पाथर्डी तालुक्यातील वैद्यासही आता असे प्रश्न विचारले जातात. ‘ते सर्व आपल्या शास्त्रात आहेच’ असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील अस्थिचिकित्सेत आहे. विल्यम सदरलँड यांनी कवटीच्या अस्थींमध्ये सूक्ष्म हालचाल असते असे प्रतिपादन करून १९३९ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे जॉन अपलेजर यांनी मिशिगन राज्य विद्यापीठात असताना, १९७० च्या दशकात, त्यास आजचे रूप दिले. रुग्ण कपड्यांसह उताणा निजतो. तेल नाही, मर्दन नाही, सांधे मोडणे तर नाहीच. उपचारक मस्तकाच्या मागे, शंखप्रदेशी व त्रिकास्थीखाली हात ठेवतो. दाब सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे पापणीवर बोट टेकवावे इतकाच. हे साधारणतः पाऊण ते एक तास चालते. बहुतेकांस ऊब, अंग सैल पडणे, दीर्घ श्वास, पोटात गुडगुड व झोप यांचा अनुभव येतो. कोणास नंतर थोडा थकवा वा डोके जड वाटते, ते सहसा लवकर ओसरते. काहींना काहीच जाणवत नाही, हेही आधी सांगावे.

येथपर्यंत आक्षेपास जागा नाही. आक्षेप आहे तो उपपत्तीस. मस्तिष्क-मेरुद्रवाची एक स्वतंत्र लय असून ती हातास कळते, असा या मंडळींचा दावा आहे. परंतु एकाच रुग्णाची लय दोन परीक्षकांनी मोजली असता त्यांची मोजणी जुळत नाही, असे अभ्यासात आढळले आहे. रोगनिवारणाचा पुरावाही अद्याप दुबळाच आहे. आता आपल्याकडे पाहू. सुश्रुताचार्यांनी संधींचे आठ प्रकार सांगताना शिर व कटीकपाल या दोहोंत ‘तुन्नसेवनी’ हा एकच प्रकार सांगितला आहे. मस्तक व श्रोणी यांना एका सूत्रात ओवणारा हा उल्लेख पाहून आमचे काही मित्र हर्षभरित होतात. मात्र चेष्टावंत संधी सांगताना त्याच आचार्यांनी शाखा, हनु व कटी यांचा निर्देश केला असून शिरःकपालाचे संधी उरलेल्या स्थिर वर्गात जातात, हे ते विसरतात. शिवलेले वस्त्र टाक्यांपाशी हलत नाही, ही उपमा नावातच आहे. म्हणून ‘आम्ही कवटीची हाडे जागेवर बसवतो’ असे कोणत्याही आयुर्वेदीय फलकावर लिहिले जाऊ नये.

मग सौम्य स्पर्शाने बरे का वाटते? तासभर निश्चल पडणे, कोणी आस्थेने मस्तक हाती धरणे, मानेच्या पेशी शिथिल होणे, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते. आपल्याकडे मूर्धतैलाचे अभ्यंग, परिषेक, पिचु व बस्ति हे चार प्रकार असून ते उत्तरोत्तर बलवान मानले आहेत. रूक्षता व कंडू यांत अभ्यंग पुरे. जागरण व अर्दित यांसाठी बस्तीचा विचार करावा. नवज्वर, अजीर्ण वा कफाधिक्य असता तेल लावू नये. एकशे सात मर्मांपैकी सदतीस जत्रूच्या वर आहेत, त्यांतील अधिपती, शृंगाटक व शंख ही सद्यःप्राणहर होत. तेथे अंगठ्याने जोर काढणारा मनुष्य मर्मचिकित्सा करीत नसतो.

आता आमची चूक सांगतो. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात व कारखान्यांचा पट्टा पडल्यावर परततात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हे त्यांचे काम. अशाच एका चाळिशीच्या गृहस्थास मान व मस्तकाच्या मागील भागी वेदना होती. आम्ही कोमट तिळतेलाने शिरोभ्यंग सुरू केला. तिसऱ्या दिवशी ते टेबलावरच घोरू लागले, आम्हीही समाधान पावलो. आठव्या दिवशी त्यांच्या पत्नीने सांगितले की, हातातून भाकरीचा तुकडा निसटतो व सदऱ्याची गुंडी लागत नाही. तेव्हा कुठे आम्ही त्यांना चालवून पाहिले. पाय ताठर पडत होते. नगरला एमआरआय झाला, मानेत मज्जारज्जूवर दाब निघाला. शस्त्रक्रिया झाली, परंतु पकड पूर्ववत आली नाही. ती लक्षणे पहिल्या दिवशी होती की नव्हती हे आम्हांस सांगता येत नाही, कारण आम्ही पाहिलीच नाहीत. वेदना कमी होत गेल्याने पुढे विचारण्याची गरजही भासली नाही.

तेव्हापासून तेलाची वाटी कोमट करण्यापूर्वी रक्तदाब, हाताची पकड, चाल व डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या जातात. अकस्मात उठलेला तीव्र शिरःशूल, ज्वरासह मान ताठणे, अलीकडील शिरोभिघात, वांती, एका अंगाची दुर्बलता, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही असल्यास स्पर्शचिकित्सा नाही, प्रथम रुग्णालय.

औषधालयांच्या मालकांसही एक विनंती. कापूर व पुदिनासत्त्व असलेले ‘थंड तेल’ डोकेदुखीवर सर्रास मागितले जाते. तो गारवा त्वचेस जाणवतो, रोगाचे निदान त्याने होत नाही. तेच गिऱ्हाईक महिन्यात तिसरी बाटली मागू लागले, तर ‘रक्तदाब कधी तपासला?’ एवढे विचारावे. बालकांसाठी ही कापूरयुक्त तेले देऊ नयेत.

त्या मातेचा रक्तदाब तपासला, तो वाढलेला निघाला. त्याचे औषध फिजिशियनकडून सुरू झाले. सोबत आम्ही रात्री पादाभ्यंग व आठवड्यातून दोनदा सौम्य शिरोभ्यंग दिला. झोप सुधारली, कशाने किती, हे आम्हांस वेगळे काढता आलेले नाही, आणि मुलालाही आम्ही तसेच सांगितले.